क्लेअरचा काळा डबा

मूंटा, ६ मार्च १९८८

प्रिय डल्सी,

नाताळात तुम्ही पाठवलेले लोकरीचे मोजे अजून वापरते. टाचेला तुम्ही तो दुहेरी पीळ घालता ना, त्यामुळे ते घसरत नाहीत. दुकानातले दोन दिवसांत पायातून निसटतात.

दोन कामांसाठी लिहिते आहे. पहिलं लायलच्या थडग्यावरच्या दगडाचं. पाथरवट पास्को परवा अंगणात उभा राहून विचारत होता, "बाई, नाव एक कोरू की दोन?"

"दोन कुणाची?"

"एक लायलचं. खाली तुमचं. आत्ताच कोरून ठेवलं तर पुढं नुसती तारीख टाकायची. खूप बायका तसंच करतात."

मी म्हटलं, "दोन कोर. तारखेची मात्र घाई करू नकोस."

"मला कुठं घाई आहे? दगडाला तर मुळीच नाही," म्हणाला.

ऑगस्टमध्ये त्याला जाऊन वर्ष होईल, त्या दिवशी दगड बसवायचा. तुम्ही यालच.

दुसरं काम तुम्हाला आवडणार नाही. लायलच्या धान्यकोठारावरची माणसं त्या दिवशी येणार, आणि त्यांना चहा नको आहे. "नोरीन, चहावर निरोप दिलास तर लायल उठून बसेल," हे त्यांचं म्हणणं. दर हिवाळ्यात पेरण्या आटोपल्या की तो त्यांच्यासाठी मोठं पिंपभर बिअर करायचा, तीच त्यांना हवी आहे. ती कशी करायचा ते मला माहीत नाही. मी दारूच्या गुत्त्यात वाढलेली मुलगी. लग्न झाल्यावर मी त्याला सांगून टाकलं होतं, की जन्माचे ग्लास विसळून झालेत, तुझं जे काय आहे ते शेडमध्ये कर आणि मला हाक मारू नकोस. त्यानं कधी मारली नाही.

आता शेडमध्ये गेले तर निळं पिंप आहे, ज्यात पूर्वी ऑलिव्ह यायची ते. फळीवर डबे आहेत, आत काकवीसारखा दाट पाक असतो तसले. फिकट बिअरचे डबे आपल्या कडिनाच्या दुकानातले. पण त्यांच्या शेजारी काळ्या बिअरचे डबे आहेत, आणि त्यांवर क्लेअर गावातल्या दुकानाची चिठ्ठी. डब्यावरच्या सूचना एका डब्यापुरत्या, एका लहान पिंपापुरत्या. दोन जातीचे डबे एकत्र करायचे तर किती फिकट, किती काळे, आणि झाकणाखालच्या यीस्टच्या पुड्यांपैकी कोणती टाकायची, हे कुठंच लिहिलेलं नाही. पिंपाला घालायचं एक लोकरीचं जाकीटही सापडलं. बटणं लावलेलं, जांभळं आणि तपकिरी. मला विणता येत नाही हे तुम्ही जाणता.

तुम्ही या गोष्टीच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नाही. आमच्या लग्नात माझ्या वडिलांनी पिंप आणलं म्हणून तुम्ही सासूबाईंना घेऊन बाहेर गाडीत बसून जेवलात. पण भाऊ तुमचा. कधी काही बोलला असेल तर कळवा.

तुमची,
नोरीन


बर्रा, १७ मार्च

प्रिय नोरीन,

पत्र मिळालं. दोन नावं कोरतेस हे योग्यच. आईबाबांच्या दगडावरही तसंच आहे.

बिअरबद्दल मला काही विचारू नकोस. सात वर्षांची असताना मी चॅपलमध्ये उभी राहून शपथ घेतली, की मादक पेय ओठांना लावणार नाही. ती मोडलेली नाही. लायलनंही घेतली होती. त्याचं पुढं काय झालं ते तू पाहिलंसच.

त्या दिवशी चहा आणि पेस्टी दे. मांस-बटाटा भरलेल्या पेस्ट्या मी करून आणते. काळे डबे जुने असतील, फेकून दे. क्लेअरच्या चिठ्ठीचं मनावर घेऊ नकोस, डबे कुठून कुठं फिरतात. लायल इकडे नाताळाखेरीज येत नसे, तेव्हा मला सांगण्यासारखं काही नाही.

जाकीट फेकू नकोस. लोकर चांगली असेल.

डल्सी ट्रेलोर


मूंटा, २ एप्रिल

प्रिय डल्सी,

डबे जुने नाहीत. तळाशी तारीख छापलेली असते. लायल जायच्या महिनाभर आधीचे आहेत.

आता जे लिहिते ते कुणापाशी बोललेले नाही. तुम्ही त्याची बहीण म्हणून लिहिते.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी लायल बॅलाक्लाव्हाला लॉजच्या सभेला जायचा. सकाळी निघायचा, संध्याकाळी यायचा. पुरुषांच्या त्या गुप्त मंडळाचं बायकांनी विचारायचं नसतं, म्हणून मी कधी विचारलं नाही. त्याचा लॉजचा पट्टा कपाटात होता, तो परत द्यावा म्हणून मी क्लॅरी हॉकिंगकडे गेले. तो तिथला चिटणीस होता.

क्लॅरी पट्टा हातात घेऊन उलटासुलटा करत बसला. "हा आता कुणाला देऊ, नोरीन? लॉज बंद होऊन किती वर्षं झाली. इमारतीत आता कोंबड्यांचं खाद्य विकतात."

"मग लायल जायचा तो?"

"कुठं जायचा?"

"सभेला."

क्लॅरीनं माझ्याकडे पाहिलं आणि एकदम म्हातारा झाला. "असेल बाई, असेल एखादी सभा. मला कुठं सगळं ठाऊक असतं?" त्याची बायको आतून ओरडली, "क्लॅरी, तुला खोटं बोलता येत नाही, बोलू नकोस!" आणि मला चहा न विचारता तिनं केकचा अख्खा तुकडा बांधून दिला. मूंटात कुणी न विचारता केक बांधून दिला की समजायचं, लोकांना आपली दया येते आहे.

मी घरी येऊन त्या जाकिटाकडे बघत बसले. बटणं एकसारखी आहेत, काजी नीट शिवलेल्या आहेत. कुणीतरी पिंपाचं माप घेऊन, वेळ काढून, मायेनं ते विणलंय. क्लेअरमध्ये आमच्या ओळखीचं कुणी नाही. मग डबे तिथले कसे? शनिवार कुणाकडे जात होते?

दुपारच्या बातम्यांनंतर रेडिओवर गव्हाचे भाव सांगतात. लायल कान देऊन ऐकायचा. मला गव्हाशी देणंघेणं नाही, तरी इतके महिने मी रेडिओ बंद केला नव्हता. काल केला.

पास्कोला थांबायला सांगितलंय. ज्या माणसाचे शनिवार मला माहीत नाहीत, त्याच्या नावाखाली कायमचं निजायचं की नाही, हे मला ठरवू दे.

क्लेअर तुमच्यापासून तासाभरावर. तुम्हाला काही ठाऊक असेल तर दडवू नका.

नोरीन


बर्रा, ११ एप्रिल

प्रिय नोरीन,

तुझं पत्र वाचून मला दिवसभर ऑर्गन धड वाजवता आला नाही. रविवारी दुसऱ्या भजनाला मी तिसऱ्याचा सूर धरला. लोक गात राहिले, पण मागं वळून बघत होते.

लायल तसला माणूस नव्हता. एवढंच सांगते. क्लॅरी हॉकिंग विसराळू आहे, पहिल्यापासून होता. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, तेव्हा त्याला प्रश्न विचारणं बरं नव्हे.

क्लेअरला जाऊ नकोस. तिथं द्राक्षाचे मळे आणि दारूची तळघरं यांखेरीज काही नाही. तुझ्यासारख्या बाईनं एकटीनं तिथं जाऊन चौकशा करणं शोभत नाही. रस्ताही खराब आहे.

पास्कोला दोन नावं सांग आणि मोकळी हो.

डल्सी


मूंटा, १ मे

डल्सी,

रस्ता उत्तम आहे. मी जाऊन आले.

तुमच्या पत्रात "माहीत नाही" असं एकदाही नव्हतं. "विचारू नकोस" आणि "जाऊ नकोस" होतं. माझी शाळा लवकर सुटली, पण वाचनालयाची पुस्तकं सुटली नाहीत, आणि खुनाच्या गोष्टी तर मी सगळ्या वाचल्यात. त्यांत जो "त्या खोलीत जाऊ नका" म्हणतो, त्याच्याकडे आधी बघायचं असतं.

चिठ्ठीवरचं दुकान सापडलं. गल्ल्यावर एक पोरगी च्युइंगम चघळत होती. मी काळा डबा दाखवून विचारलं, हे कोण नेतं?

"हा? हा फक्त हातमोजेवाल्या बाई नेतात."

"कोण बाई?"

"नाव नाही सांगत. उंच, ताठ. राखाडी हातमोजे. डबा पिशवीत घातला की पिशवीचं तोंड बांधून मागतात, जसा काही आत साप आहे. दर वेळी विचारतात, 'भाजायच्या पदार्थांत चालेल ना?' मी पहिल्यांदा म्हटलंसुद्धा, 'बाई, ह्यात हॉप्स आहेत, केक कडू होईल.' तर म्हणाल्या, 'आमच्या घरी कडूच खातात.'" पोरगी हसायला लागली. "चॅपलमधल्या वाटतात अगदी. पण एवढे डबे कोण केकात घालतं, तुम्हीच सांगा!"

"एकट्या येतात?"

"आता एकट्या येतात. पूर्वी एक गृहस्थ बाहेर गाडीत बसलेले असायचे. मागं हौदा असलेली हिरवी गाडी. बाई पिशवी घेऊन निघाल्या की ते स्टिअरिंगवर डोकं टेकून हसायचे. बाई म्हणायच्या, 'गप बस, लोक बघतायत.' मला बाई मज्जा वाटायची त्यांची."

हिरवी गाडी अजून माझ्या अंगणात उभी आहे. मी तीच घेऊन गेले होते.

डल्सी, लायल वाईट वागला असता तर सोसलं असतं. पण तो हसत होता म्हणे. माझ्याबरोबर दुकानात आला की तो दारात उभा राहून घड्याळ बघायचा. आणि ती चॅपलवालीचं सोंग घेते. माझा नवरा, आणि वर सोंग तुमच्या लोकांचं!

घरी आले त्या रागात बिअर लावली. दोन फिकट डबे, एक काळा. डबे गरम पाण्यात ठेवून आतला पाक सैल केला, ओतला, साखर, वर थंड पाणी, साठ लिटर. तीनही डब्यांच्या पुड्या एकदम टाकल्या, कुठली कुणाची ते न बघता. जाकीट घातलं नाही. कपडे धुवायच्या खोलीत, थंड फरशीवर पिंप ठेवलं. आता त्याला नासक्या अंड्यांसारखा वास येतोय. झाकणावरच्या नळीतून एखादा बुडबुडा येतो, मग बराच वेळ काही नाही. येऊ दे वास. कोठाराच्या लोकांना लायलची बिअर हवी होती ना, हीच लायलची बिअर.

सोमवारी पास्कोला सांगणार आहे, नाव एकच.

नोरीन


बर्रा, ४ मे

नोरीन,

तुझं पत्र माझ्या हाती पडेपर्यंत सोमवार होऊन गेला. तरी सांगते, पास्कोला अजून छिन्नी लावू देऊ नकोस. हात जोडते.

पिंपाचं ऐक. ते नासलेलं नाही. अंड्याचा वास फिकट डब्याच्या यीस्टचा असतो. थंडीत ते यीस्ट रुसतं आणि असा वास सोडतं, आणि काळ्या डब्याचं यीस्ट थंडीत झोपून जातं. तू दोघांना एकाच फरशीवर बसवलंस. पिंप स्वयंपाकघरात चुलीजवळ ओढून घे. एकटीनं उचलू नकोस, खाली गोणपाट घालून ओढ. जाकीट घाल, त्यासाठीच ते आहे. झाकण उघडू नकोस, ढवळू नकोस, बघायला म्हणूनसुद्धा नाही. दोन-तीन दिवसांत गुडगुड नीट सुरू होईल आणि वास आपोआप जाईल. गुडगुड थांबली तरी आठवडाभर हात लावू नकोस. घाईनं भरलेल्या बाटल्या फुटतात. एकदा इथं कपाटाचं दार उडालं होतं.

पुढं कधी केलीस तर यीस्ट काळ्या डब्याचंच वापरायचं. मोठ्या पिंपाला एक पुडी कमी पडते, म्हणून ती आदल्या दिवशी जामच्या बरणीत कोमट साखरपाण्यात जागी करायची. फिकट डब्यांच्या पुड्या फेकायच्या नाहीत. त्या पाण्यात उकळून त्याच पिंपात ओतायच्या. मेलेल्या यीस्टवर जिवंत यीस्ट पोसतं.

हे सगळं मी दंतवैद्याकडे एका मासिकात वाचलं.

डल्सी


मूंटा, ११ मे

डल्सी,

पिंप चुलीजवळ आहे. जाकीट घातलं. तिसऱ्या दिवशी ते असं बोलायला लागलं की मी स्वयंपाकघरात एकटी नाही असं वाटतं. अंड्याचा वास गेला. तुमचा शब्द न् शब्द खरा ठरला.

आणि म्हणूनच आता मला कळलं.

कुठला दंतवैद्य, डल्सी? तुम्हाला दातांची कवळी बसून माझ्या लग्नाइतकी वर्षं झाली. "इथं कपाटाचं दार उडालं," असं कुठलं मासिक लिहितं? हे तुम्हाला कुणीतरी शेजारी बसून सांगितलंय. त्या बाईनं. तुम्ही तिला ओळखता, तिच्या घरी बसता, तिनं सांगितलं ते तुम्ही मला लिहून पाठवता, की मी तिचं घर शोधू नये. ती चॅपलमधली वाटते असं ती पोरगी म्हणाली, ते सोंग नव्हतं तर. ती तुमच्याच चॅपलमधली आहे. तुम्ही ऑर्गन वाजवता आणि ती गाते, असंच ना?

मी गुत्त्यातली म्हणून तुम्हाला कधीच आवडले नाही, ते मी गिळलं. पण सख्ख्या भावाची ही गोष्ट तुम्ही झाकलीत, आणि मला सांगता दोन नावं कोरून मोकळी हो. मी त्या मातीत जन्मभर, नाही, मेल्यानंतर पडून राहू आणि ती दर वर्षी फुलं घेऊन येईल?

पास्को रविवारी आला होता. मी म्हटलं, "एक."

तो म्हणाला, "बाई, चाळीस वर्षं दगड फोडतो. बायका रागात एक म्हणतात आणि मग मला मोठ्या नावाखाली छोटी अक्षरं कोंबायला लावतात. वाईट दिसतं. महिनाअखेरपर्यंत मी बहिरा आहे." आणि गेला.

तेवढाच वेळ तुम्हाला आहे. मला तिचं नाव हवं. दुसरं काही लिहू नका.

नोरीन


बर्रा, १६ मे

नोरीन,

तिचं नाव डल्सी मे ट्रेलोर.

दुसरं काही लिहू नका म्हणालीस, पण लिहिते. तुला दुकानातली पोरगी म्हणाली ती उंच, ताठ बाई मीच. राखाडी हातमोजे आईचे आहेत. बर्रात मी तो डबा विकत घेतला असता तर संध्याकाळपर्यंत चॅपलच्या दाराला कुलूप लागलं असतं, म्हणून क्लेअर.

सुरुवात पावापासून झाली. आई तेव्हा होती आणि तिला माल्ट घातलेला तपकिरी पाव आवडायचा. माझ्या नेहमीच्या दुकानात माल्ट संपलं होतं. क्लेअरला एका लग्नात ऑर्गन वाजवायला गेले, तिथं फळीवर डबा दिसला. "माल्टचा पाक" एवढं मी वाचलं, पुढचं वाचलं नाही. आमच्या घरात माल्ट म्हणजे पावच, दुसरं काही असू शकतं हे कुणाच्या डोक्यात येणार? पाव सुंदर फुगला. नाताळचा दिवस होता. आईनं घास घेतला आणि ती प्रार्थना म्हणत राहिली. लायलनं घास घेतला, डोळे मोठे केले, रुमालात तोंड खुपसलं. मागच्या दारी येऊन म्हणाला, "डल्स, तू आईला बिअरचा अख्खा पाइंट भाजून घातलास!"

तो इतका हसला की त्याला पायरीवर बसावं लागलं. तू तेव्हा आत भांडी पुसत होतीस.

उरलेला अर्धा डबा मी फेकणार होते. तो म्हणाला, अन्न फेकणं पाप आहे, तूच सांगतेस. धुण्याच्या तांब्याच्या हंड्यात त्यानं तो लावून दाखवला. नोरीन, मी पावाचं पीठ जन्मभर फुगवत आले, पण हे रात्रंदिवस श्वास घेत होतं. मला त्याचं वेड लागलं. फिकट डबा एकटा पाणचट होतो आणि काळा एकटा जड, तेव्हा मिसळून पाहावेत हे माझं डोकं. तुझ्या घरी दर हिवाळ्यात व्हायची ती बिअर माझ्या मापाची होती. जाकीट पण माझं. टाच बघ, म्हणजे काठ बघ, तोच दुहेरी पीळ आहे. मला वाटलं होतं तू पहिल्याच दिवशी ओळखशील.

शपथ मोडलेली नाही. शपथ ओठांची आहे, हातांची नाही. मी बिअरचा आजवर एक थेंब चाखलेला नाही. म्हणूनच लायल यायचा. पहिल्या शनिवारी मी बाटली उघडून त्याच्यापुढं ठेवायची. तो डोळे मिटायचा आणि मला सांगायचा. "करपलेला टोस्ट, डल्स. मागून सुकं अलुबुखार. शेवटी जरा कडू, पण आईच्या बोलण्याइतकं नाही." ते ऐकून मी पुढचं माप ठरवायची. त्याची जीभ आणि माझे हात.

आई शेजारच्या खोलीत असेपर्यंत कुणाला सांगणं शक्य नव्हतं. आई गेल्यावर तो म्हणायचा, आता नोरीनला सांगू, ती आपल्या दोघांपेक्षा जास्त जाणते. पण तुला सांगायचं तर आधी तुझ्या लग्नातलं ते गाडीतलं जेवण माझ्या समोर यायचं. मी त्याला शपथ घातली. तुला खोटं सांगणं त्याला आवडत नसे. तुझ्याबरोबर दुकानात तो घड्याळ बघायचा, कारण गर्दीत त्याला गुदमरायला व्हायचं. माझ्याबरोबर तो दुकानात कधी आतच आला नाही, गाडीत बसायचा.

तो गेल्यावर मी दोनदा पिंप लावलं. बाटल्या घराखाली उभ्या आहेत. कशा झाल्यात मला माहीत नाही. सांगणारा नाही.

पास्कोला आता ऐकू आलं तर बरं.

डल्सी


मूंटा, १५ ऑगस्ट

प्रिय डल्सी,

तू चारच्या बसनं गेलीस, म्हणजे बाटल्या उघडायच्या आत. मी थांब म्हटलं नाही, कारण तुझ्या चेहऱ्यावर दिसत होतं की तुला राहायचंही होतं आणि शपथही राखायची होती. पेस्ट्यांचं ताट धुऊन ठेवलंय. एकही उरली नाही.

तू गेल्यावर दगडापाशी मी पुन्हा जाऊन आले. वारा पडला होता. पास्कोनं माझ्या नावाखाली जागा मोठी सोडलीय. मी म्हटलं, "एवढी कशाला? एक तारीख तर टाकायची."

"कुणी सांगावं बाई, तुमच्याबद्दल लिहिण्यासारखं अजून काही घडेल."

आता बिअरचं. तू जाताना बसच्या पायरीवरून हळूच म्हणालीस, "नीट लिही." नीट लिहिते.

कोठाराच्या माणसांनी पहिला घोट घेऊन ग्लास खाली ठेवले. मला वाटलं बिअर फसली. मग तो लाल मानेचा ओकाफे म्हणाला, "लायलची नाही ही."

"नाही," मी म्हटलं.

"लायलची गोड होती जराशी. हिला धार आहे."

"बनवताना बाई रागात होती," मी म्हटलं. त्यांनी ग्लास पुढं केले. कोण बाई ते कुणी विचारलं नाही, त्यांना वाटलं मी माझ्याबद्दल बोलते आहे. अर्धं खरंच होतं. लावली मी, वाचवलीस तू.

सगळे गेल्यावर मी एक बाटली घेऊन शेडच्या दारात बसले. वडिलांच्या गुत्त्यात मी हजारो ग्लास भरले, पण कधी डोळे मिटून प्यायले नाही. गिऱ्हाईकांवर नजर ठेवायची असते. आज मिटले.

आधी फेस. तो ओठाला लागून राहतो, घाईनं जात नाही. मग पावाची खालची कड, चुलीच्या बाजूची, जी मुलं काढून ठेवतात ती. त्याच्यामागं काहीतरी काळं, गोड नाही, पण गोड होऊ शकलं असतं असं. अलुबुखार मला सापडलं नाही. अंड्याचा वास अजिबात नाही. आणि अगदी शेवटी, गिळून झाल्यावर, जिभेच्या मुळाशी कडू येतं आणि बसून राहतं. वाईट नाही. आलेला पाहुणा निघायचं नाव घेत नाही, आणि आपल्यालाही तो जावासा वाटत नाही, तसं.

पुढच्या वेळी काळा डबा दीड कर. साखर कमी. पुडी एकच, बरणीत जागी केलेली.

घराखालच्या बाटल्या हलवू नकोस, गाळ खाली बसू दे. पहिल्या शनिवारी हिरवी गाडी घेऊन येते. क्लॅरीची बायको कुंपणावरून विचारत होती, पहिल्या शनिवारी कुठं निघालीस म्हणून.

मी म्हटलं, "लॉजच्या सभेला."

नोरीन